खारा वारा सुटायच्या आत

पहाटे साडेपाच

मार्चमध्ये सड्यावरचं गवत हाताने चुरडलं तरी कुरकुर वाजतं. पहाटेचं दव त्याच्यावर तासभर टिकलं तर टिकलं. तरी चोवीस तासांत त्यातल्या त्यात भरवशाची वेळ हीच. जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तोही दमल्यासारखा. गोपाळगडाच्या बाजूने पाहिलं तर खाडीपलीकडे दाभोळचे दिवे अजून लागलेले असतात आणि टाळकेश्वराजवळच्या दीपगृहाचा झोत फिरत असतो. आम्ही तिघेचौघे विजेऱ्या आणि खराटे घेऊन वर जातो.

काम कंटाळवाणं आहे. बागेच्या वरच्या अंगाला, गडग्याच्या बाहेर, दहा-बारा हात रुंदीचा पट्टा डिसेंबरातच ग्रासकटर फिरवून मोकळा केलेला असतो. पण काजू आणि ऐनाची पानं गळतच राहतात आणि चार दिवसांत त्या पट्ट्यावर पुन्हा पातेरा साचतो. तो झाडून बाहेरच्या बाजूला ढकलायचा. बाहेरच्याच. नवखा माणूस हमखास आत लोटतो, कारण अंगण झाडताना कचरा आपल्याकडे ओढायची सवय असते. पातेऱ्याचा ढीग आतल्या बाजूला राहिला तर ठिणगीला एवढा आधार पुरतो, आणि मग पट्टा असून नसून सारखाच.

आमच्या या मंडळींना नाव नाही. नोंदणी नाही, पाटी नाही, एका रंगाचे शर्ट नाहीत. मंडळ म्हणावं तर ते पालखीचं आणि गणपतीचं. वणव्याचं वेगळं असं काही नाही. तरी फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत कोण कुठे आहे, कुणाच्या गाडीत डिझेल आहे, कुणाचा पंप उघडून ठेवलाय, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. परदेशात याला स्वयंसेवी अग्निशमन दल म्हणतात आणि त्याचा मोठा इतिहास सांगतात. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने 1736 साली असं दल काढलं तेव्हा सभासदांनी कातडी बादल्या आणि सामान वाचवायला जाड कापडी पिशव्या बाळगायच्या, असा नियम होता. चिलीत तर आजही देशभरातले आग विझवणारे बिनपगारी आहेत. 1851 साली वालपराइसो बंदरात त्याची सुरुवात झाली. आमच्याकडे बादल्या प्लॅस्टिकच्या आणि पिशव्यांच्या जागी गोणपाट, एवढाच फरक म्हणायचा. पण त्यांच्या दलाला लेखी नियम होते, आणि ते आम्हाला अजून जमलेलं नाही.

सकाळी सात

पंपाची वेळ.

कोकणात आग विझवायला जी गाडी धावते ती लाल नसते. ती बहुतेक वेळा पांढरी पिकअप असते. मागे हजार लिटरची काळी टाकी, शेजारी कलमांवर औषध मारायचा एचटीपी पंप, आणि वेटोळं करून ठेवलेला शंभर मीटरचा पाइप. मोहोरावर तुडतुडे आणि भुरी यांच्यासाठी जो पंप फिरतो, तोच मार्चमध्ये वणव्यावर चालतो. फवारणीचा जोर उतरला की टाकी दोनदा धुवायची. औषधाचं पाणी तापलेल्या जमिनीवर पडलं की जी वाफ उठते ती नाकात गेल्यावर आग बरी वाटेल. मग टाकी भरून, झाकण लावून, गाडी उताराला तोंड करून उभी करायची. स्टार्टर रुसला तर ढकलून चालू होईल अशी.

शहरातल्या बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. आमची टाकी गन पूर्ण उघडली तर पाऊण तासही पुरत नाही. म्हणून गन धरणारा ठरलेला आहे. तो तरुण नाही, जोरकसही नाही; पण पाण्याबाबत कमालीचा चिक्कू आहे. ज्वाळेवर पाणी मारायचं नाही, ज्वाळेच्या बुडाशी मारायचं, आणि एकदा काळं झालं की गन बंद, हे त्याला सांगावं लागत नाही. पोरांच्या हातात गन दिली की ती आकाशात उडवतात. दिसायला छान दिसतं.

पंपाखेरीज बाकी सामान गोठ्याच्या पडवीत टांगलेलं: कोयत्या, फावडी, लांब दांड्याचे दंताळे, दोन पाठीवरचे सोळा लिटरचे पंप, भिजवायची गोणपाटं. टाळ मात्र तिथल्या तिथे तोडायचे. ओल्या पानांची, मनगटाएवढ्या बुंध्याची फांदी. ती आदल्या दिवशी तोडून ठेवली तर दुसऱ्या दिवशी पेट घेते.

नऊ वाजता

बाकीच्या जगाचा दिवस सुरू होतो. पोरं शाळेत जातात. धोपाव्याची फेरीबोट गाठायला मोटारसायकली पळतात. 2003 साली ही बोट सुरू झाली आणि दाभोळ-दापोलीकडे जायचा मोठा वळसा वाचला. बायका काजूच्या बिया वेचायला वर येतात. हापूसची पहिली तोड सुरू असेल तर झेला घेऊन गडी झाडावर.

या वेळी मी मनातल्या मनात हजेरी घेतो. वाडीत घरं बरीच, पण मार्चच्या साध्या दिवशी धावू शकतील अशी माणसं थोडी. तरुण मुंबईत, पुण्यात. काही जण इथल्याच वीज प्रकल्पात नाहीतर गॅस टर्मिनलवर कामाला, म्हणजे पाळीत अडकलेले. उरतात ती साठीच्या पुढची माणसं, बायका, कॉलेजची दोन-तीन पोरं आणि कलमांवर राखणीला असलेले नेपाळी गडी. वाडीचं अग्निशमन दल म्हणजे हेच. गेल्या काही वर्षांत नेपाळी गड्यांशिवाय एकही मोठी आग विझलेली नाही, हे बोलायला कुणाला फारसं आवडत नाही. गाव आपलं, बाग आपली, आणि जाळात पहिलं पाऊल दुसऱ्याचं.

त्यात एक विचित्र शेजार आहे. अंजनवेल-वेलदूरच्या त्याच टेकाडांपलीकडे एन्रॉनच्या काळात उभा राहिलेला दाभोळ प्रकल्प आहे. 2005 पासून तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे. त्याला लागून कोकण एलएनजीचं टर्मिनल, जिथे उणे 162 अंशांवर द्रवरूप केलेला वायू जहाजातून उतरतो. अशा ठिकाणी आगीची तयारी काय दर्जाची लागते ते सांगायला नको. पण तिथले बंब तिथल्या टाक्यांसाठी असतात, आणि कुठलाही जड बंब डांबरी रस्ता संपला की थांबतो. आमच्या बागेकडे पाखाडी जाते. पायऱ्यांची.

आणि सरकारी बंब? चिपळूण ते गुहागर हाच रस्ता पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, घाट-वळणांचा. वाळल्या गवताची आग तोपर्यंत आपलं काम उरकून विझूनही जाते. यात कुणाचा आळस नाही. 1992 साली घटनादुरुस्त्या झाल्या तेव्हा शहरांच्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांमध्ये अग्निशमन सेवा लिहिली गेली. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. पशुसंवर्धन आहे, ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्रा आहेत. आग नाही. खेड्यात आग लागते हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसेल असं मला वाटत नाही. खेडं आपलं आपण विझवील, असं गृहीत धरलं असावं.

वनखात्याकडे बोट दाखवायचं तर रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं. बहुतेक रान खाजगी मालकीचं, सातबाऱ्यावर दहा-वीस नावं आणि त्यातली निम्मी बोरिवली-विरारला. त्या जमिनीतलं गवत कापायचं कुणी, हा वणव्याच्या मुळाचा प्रश्न. आम्ही आमचा पट्टा झाडतो. पट्ट्याच्या पलीकडे कुणीच राहत नाही.

साडेअकरा

वारा फिरतो. मतलई कधी थांबला ते कळतही नाही, थोडा वेळ पान हलत नाही, आणि मग समुद्राकडून पहिली झुळूक येते. खारा वारा. शाळेच्या भूगोलात हे दोन्ही वारे सगळ्यांनी पाठ केलेले असतात. इथे त्यांच्यावर कामाच्या पाळ्या ठरतात. खारा सुटला की चूल बाहेर पेटवायची नाही, काजूच्या बिया भाजायच्या नाहीत, कचरा जाळायचा नाही. आणि भाजावळ तर नाहीच.

भाजावळीबद्दल बाहेरच्या लोकांचे गैरसमज फार. पेरणीआधी रोपांच्या जागेवर कवळ, शेण, पातेरा पसरून जाळायचा, ही भात-नाचणीची जुनी रीत. ती करणारा माणूस शेजारी उभा असतो, हाताशी टाळ असतो, वेळ सकाळची असते. वणवा बहुधा त्याच्यामुळे लागत नाही. लागतो तो विडीच्या थोटकाने, रस्त्याकडेचं गवत जाळून निघून गेलेल्या माणसाने, वाऱ्यात एकमेकींना घासणाऱ्या विजेच्या तारांनी, डुकराला उठवायला मुद्दाम पेटवलेल्या झुडपाने. आणि ‘जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं’ या समजुतीने. जळल्या जागेवर पहिला पाऊस पडला की हिरवं लुसलुशीत दिसतं, हे खरं. पण उतारावरची माती त्याच पावसात वाहून खाली पऱ्यात जाते, ते कुणी पाहायला जात नाही.

आता एक जण वर गडग्यावर बसतो. सावलीला, पण चारी बाजू दिसतील असा. त्याच्याकडे मोबाइल आहे आणि जिथे रेंज येते तो दगड त्याला माहीत आहे.

दीड ते चार

धूर दिसला तर बहुधा याच वेळात. दोनच्या सुमाराला हाक येते: “जाळ हाय रे, वरच्या अंगाक!” पाठोपाठ वाडीच्या ग्रुपवर एकच शब्द, आणि देवळाच्या कर्ण्यावरून जागेचं नाव. आजही तसंच.

पहिलं काम धावत वर जाण्याचं नाही, थांबून धूर बघण्याचं. पांढरा, उभा धूर म्हणजे गवत आणि वारा कमी. आडवा, जमिनीला चिकटून येणारा म्हणजे पळणारा जाळ. काळपट असेल तर काजूत शिरलाय. काजूच्या बीच्या टरफलात तेल असतं, ते पेटलं की आवाजासकट कळतं. आमच्यातले सर्वांत वयस्क आप्पा हे दोन मिनिटं बघतात आणि मग हाताने दाखवतात: इकडून दोघं, तिकडून तिघं, पिकअप खालच्या वळणावर. त्या दोन मिनिटांत पोरं कासावीस होतात. “आप्पा, जळतंय!” “जळू दे. कुठे चाललंय ते बघू दे.”

जाळाच्या तोंडाला सामोरं कुणी जायचं नाही. शेपटीकडून, म्हणजे जिथून सुरू झाला तिथून, दोन्ही कडांनी विझवत पुढे सरकायचं आणि तोंड अरुंद करत न्यायचं. पाय शक्यतो जळून काळ्या झालेल्या जागेत. तिथे पुन्हा जाळ येत नाही. चढावर आगीच्या वर कधीच उभं राहायचं नाही. ज्वाळा चढाला टेकून वरचं गवत आधीच तापवते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जगभरच्या वणवेवाल्यांचा ठोकताळा आहे. आप्पांना अंश माहीत नाहीत. ते म्हणतात, “चढाक ती आपल्यापरास पळते.”

टाळ मारणं ही शिकायची गोष्ट आहे. उंच उचलून दाणदाण आपटला की प्रत्येक फटक्याला ठिणग्या उडतात आणि मागे चार नवे जाळ लागतात. टाळ जमिनीलगत ठेवायचा, ज्वाळेच्या बुडावर दाबायचा, आणि जळलेल्या बाजूकडे ओढायचा. दाब, ओढ, पुढे. एकाने टाळ चालवायचा, दुसऱ्याने मागून ओलं गोणपाट आणि दंताळं घेऊन उरलेले निखारे काळ्यात लोटायचे. दहा मिनिटांनी जागा बदलायच्या, कारण तोंडावर येणारी धग डोळ्यांतलं पाणी सुकवते आणि माणसाला दिसेनासं होतं. बायका गडग्याच्या आतून कळश्या आणि पाठीवरचे पंप पुरवतात. खरं महत्त्वाचं काम त्या करतात ते वेगळंच: गडग्याच्या आत उडून पडणाऱ्या ठिणग्यांवर लक्ष ठेवायचं. सगळ्यांची तोंडं आगीकडे असतात, तेव्हा कुणीतरी पाठीकडे बघायला हवं.

आजच्या जाळाला कातळाने मदत केली. सड्यावर मधेमधे उघडा जांभा आहे, तिथे गवत विरळ. आप्पांनी आग त्या उघड्या पट्टीकडे वळेल अशी डावी कड आधी बंद करवली, उजवी मोकळी ठेवली. तोंड कातळावर गेलं आणि लुळं पडलं. उरला एका घळीचा भाग, तिथे करवंदीच्या जाळ्यांत टाळ चालत नाही. तिथे पिकअपचं पाणी. गनवाल्याने टाकीतलं पाव तरी पाणी शिल्लक ठेवलं, आणि त्याचं श्रेयही त्याने कुणाला घेऊ दिलं नाही.

धुरातून एक ससा पळाला, एक घोणस गडग्याच्या फटीत शिरली, आणि कातळावर टिटवीची एक जोडी आमच्याच डोक्यावर ओरडत फिरत राहिली. टिटवी अंडी घालते ती उघड्या जमिनीवर, याच दिवसांत. आम्ही ज्या कातळावर आग नेऊन मारली तिथे त्यांचं काही होतं का, ते बघायला सवड नव्हती.

चार वाजता

चहा. बिस्किटांचे पुडे कुणी दिले याचा हिशेब ठेवायचा नाही असा संकेत आहे.

वाडीतला एक जण मुंबईच्या अग्निशमन दलात आहे, शिमग्याला आधी येऊन पोहोचलेला. त्याने आल्या आल्या दोघांचे नायलॉनचे टी-शर्ट काढायला लावले: पेटला तर कातडीला चिकटतो, सुती घाला. एकाच्या मनगटाला भाजलं होतं. घरातून कुणीतरी टूथपेस्ट आणली, ती त्याने परत पाठवली आणि हात साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायला लावला. नंतर सरकारी दवाखाना. दलात 14 एप्रिलची कवायत असते, तिची गोष्ट तो दर वर्षी सांगतो: 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजात कापसाला आग लागली, त्याच जहाजात दारूगोळा होता, आणि विझवायला गेलेले 66 जवान स्फोटात गेले. देशभर अग्निशमन सप्ताह याच तारखेला सुरू होतो. “कशाशेजारी काय ठेवलंय ते आधी विचारायचं,” तो म्हणतो, आणि आमच्याच एका गोठ्याकडे बघतो, जिथे पेंढ्याच्या उडवीला टेकून ग्रासकटरच्या पेट्रोलचा कॅन ठेवलेला असतो. कॅन लगेच हलला. किती दिवस हललेला राहील ते सांगता येत नाही.

कॉलेजातल्या पोराने मोबाइल पुढे केला. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे नाव नोंदवलं की उपग्रहाला दिसलेल्या आगीचा संदेश येतो. आपल्या आगीचा का आला नाही, हा त्याचा प्रश्न. उत्तर सोपं आहे. ज्या उपग्रहांवरून छोट्या आगी बऱ्यापैकी दिसतात ते आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात, आणि त्यांच्या नजरेचा एक ठिपका पावणेचारशे मीटरचा. आमचा जाळ दोनला लागला, साडेतीनला संपला. उपग्रह तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर होता. मोठ्या, दोन-तीन दिवस चालणाऱ्या जंगलांच्या वणव्यांना ती व्यवस्था उपयोगी आहेच. गवताच्या आगीला गडग्यावरचा माणूस.

साडेपाच

दोघे पुन्हा वर. विझलेली आग विझलेली नसते. वाळक्या खोडाच्या पोकळीत आणि शेणाच्या गोवऱ्यांत ती रात्रभर राहते. हाताची पालथी बाजू जमिनीजवळ फिरवत जायचं, ऊब लागली की खणायचं, पाणी ओतायचं, पुन्हा हात फिरवायचा.

कडेच्या चार कलमांना धग लागली होती. हापूसचं कलम लावल्यापासून धड पीक यायला आठ-दहा वर्षं जातात, त्यामुळे मालक खोडाजवळ बसून नखाने साल खरवडत होता. सालीखाली हिरवं दिसलं तर झाड जगेल. तीन हिरवी निघाली. चौथ्याच्या एका अंगाला तपकिरी. अशी झाडं लगेच मरत नाहीत, पावसाळाभर पानं धरतात आणि पुढच्या हंगामात एकेक फांदी सोडतात. त्याने त्या खोडाला शेणमातीचा लेप दिला. फळं मात्र आजच गळायला लागली होती. बाट धरलेली, लोणच्याला चालतील एवढी.

रात्री साडेआठ

देवळासमोर बैठक, पण विषय वणव्याचा नाही. पालखीचा. होळीनंतर पालखी घरोघर फिरणार, चाकरमानी भरभरून येणार, आणि वाडीत वर्षातली सगळ्यांत जास्त माणसं असणार. पण ती सगळी पालखीमागे. मागच्या बाजूला सडा तसाच वाळलेला आणि फटाक्यांची हौस दांडगी. कुणी थांबायचं यावर नेहमीप्रमाणे आधी कुणी बोलेना. मग मुंबईच्या दलातला म्हणाला, पालखी आमच्या घरी येईल तेवढा वेळ मला सोडा, बाकी मी गडग्यावर. त्यावर आप्पा तापले: तू पाहुणा, वर्षातून चार दिवस येतोस, तू नाही बसायचं. मग दोन-दोन तासांच्या पाळ्या ठरल्या, त्यांत दोन नावं बायकांची, आणि त्या नावांवर थोडी कुजबुजही झाली. ज्यांची नावं होती त्यांनीच ती थांबवली.

डिझेलचे पैसे पालखीच्या फंडातून द्यायचे की माणशी वर्गणी काढायची, हे उद्यावर गेलं. पंपाचा वॉशर गळतोय, तो चिपळूणहून आणायचा आहे. सकाळच्या एसटीने जाणाऱ्याला जुना वॉशर खिशात टाकून दिला, मापाला.

टाकी भरायची राहिली होती. ती भरायला पोरं गेली आहेत.